नवी पेठेतली बखळ : फ्लॅट की वाहनतळ?

पेठकर (धागाकर्ता)

सोलापुरात नवी पेठेच्या पाठीमागे एक बखळ जागा आहे. सणासुदीला खरेदीला येणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी तिथं गाडी लावली असेल. जागा खासगी आहे, म्हणून मालकाचं किंवा बिल्डरचं नाव मी घेत नाही. प्रतिसाद देणाऱ्यांनीही घेऊ नये ही विनंती. विकास आराखड्यात त्या जागेवर वाहनतळाचं आरक्षण आहे. आता तिथं खाली वाहनतळ आणि वर फ्लॅट अशी इमारत बांधायचा प्रस्ताव आलाय आणि पेठेत सरळ दोन तट पडलेत. दुकानदार म्हणतात फ्लॅट नकोतच, सगळ्या जागेवर गाड्या लावायची सोय करा. दुसरी बाजू म्हणते की इतकी वर्षं आरक्षण नुसतं कागदावर होतं, आता निदान काहीतरी उभं राहतंय ते राहू द्या.

माझं घरही पेठेत आणि दुकानही पेठेत, त्यामुळे दोन्हीकडचं रोज कानावर पडतं. माझं मत आधीच सांगतो. घरं व्हावीत. पण खालचा वाहनतळ कायम लोकांसाठीच राहील याची नोंदणीकृत हमी हातात आल्याशिवाय एक वीटही रचू देऊ नये.

दत्त चौक, माणिक चौक, चाटी गल्ली, मधला मारुती या सगळ्या भागात पूर्वी खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असायचं. आता वरच्या मजल्यांवर माल भरलाय आणि बिऱ्हाडं जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडला गेली. गेली ती चांगल्यासाठीच गेली, मोकळी हवा मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती माणसं रोज सकाळी गाडी घेऊन पेठेत परत येतात आणि ती गाडी रात्री शटर पडेपर्यंत दुकानासमोर उभी असते. पेठेतून एक कुटुंब राहायला बाहेर गेलं की पेठेत एक गाडी वाढते. हा हिशेब आपण कुणीच मांडत नाही. गिऱ्हाइकाला जागा नाही म्हणून आपण ओरडतो, आणि गिऱ्हाइकाच्या जागेवर सकाळी दहा वाजल्यापासून मालकाची आणि नोकरांची गाडी असते.

आणखी एक हिशेब. एका चारचाकीला उभं राहायला अडीच मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. आत-बाहेर करायचा रस्ता, वळण, उतार धरला तर एका गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जातात. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत आर्थिक दुर्बल घटकातल्या कुटुंबाच्या घराचं चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरलं होतं. एका कुटुंबाचा संसार मावेल एवढी जागा आपण एका गाडीला देतो, आणि ती गाडी तिथं दिवसाचे आठ-दहा तासच असते. शहराच्या मधोमध असलेल्या, सगळ्यात महाग जमिनीवर नुसताच वाहनतळ करा असं म्हणताना हे डोळ्यांसमोर असावं.

आणि तळघरांचं काय? पेठेतल्या कितीतरी कॉम्प्लेक्सच्या मंजूर नकाशात तळघर 'पार्किंग' म्हणून दाखवलंय. खाली उतरून बघा. गाळे आहेत, गोदामं आहेत, कपड्यांचे गठ्ठे आहेत. ती मोकळी झाली तर नवीन वाहनतळाची निम्मी चर्चा इथंच संपेल असं मला वाटतं.

तुमचं काय म्हणणं आहे ते लिहा. विरोध असला तरी चालेल, पण मुद्द्यावर लिहा.

बस्तेवाले

पेठकर दादा, तुमचा आदर ठेवून सांगतो, मला हे पटलेलं नाही.

माझं कापडाचं दुकान आहे. लग्नसराईत आमचा धंदा बस्त्यावर चालतो. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, तिकडं कर्नाटकातलं इंडी, आळंद, एवढ्या लांबून माणसं येतात. एका बस्त्याला एक क्रूझर भरून बायका-माणसं येतात. नवरीकडचे, नवऱ्याकडचे, आत्या, मावश्या. सकाळी आले की साड्या, आहेर, टोप्या-टॉवेल, मग सराफाकडे, असा अख्खा दिवस जातो. ती क्रूझर उभी करायची कुठं? ड्रायव्हर बिचारा दिवसभर गल्ल्यांतून फिरत राहतो. एकदा क्रेननं गाडी उचलली आणि दंड भरावा लागला की ते कुटुंब पुढच्या लग्नाला आमच्याकडं येत नाही. हायवेच्या कडेला मोठं शोरूम बघतात, जिथं दारात गाडी लागते.

तुम्ही म्हणता माणसं राहायला आली तर पेठ जगेल. पेठ गिऱ्हाइकावर जगते ओ. वर पाच-पन्नास बिऱ्हाडं आली म्हणून माझ्या दुकानात साड्या खपणार नाहीत. उलट त्यांच्याच गाड्या, त्यांच्या पाहुण्यांच्या गाड्या, दूधवाला, कुरिअरवाला, शाळेची रिक्षा हे सगळं त्याच गल्लीत येणार.

आणि सगळ्यात मोठी भीती ही की खाली सार्वजनिक आणि वर खासगी असं कागदावरच राहतं. पाच वर्षांनी सोसायटी गेट लावणार, वॉचमन बसवणार, 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी लागणार. मग आम्ही कुणाकडं जायचं?

स्टेशन_रिक्षा

बस्तेवाले मालक, क्रूझरचं बोललात, रिक्षाचं पण बोला की. बाळीवेस, टिळक चौक, नवी पेठ, कुठंबी धड स्टँड नाही आम्हाला. जरा थांबलं की मागून हॉर्न आणि पुढून शिट्टी. एक रिक्षा दिवसभरात किती गिऱ्हाईक आणून सोडते ते बघा, आणि एक कार दिवसभर एकाच जागी उभी राहून किती आणते ते बघा. वाहनतळ करा नाहीतर फ्लॅट करा, तोंडाशी चार रिक्षा उभ्या राहतील एवढी जागा ठेवा. तेवढंच मागणं हाय.

शुक्रवार_पेठ

मी वाड्यात राहते, भाडेकरू आहोत. आमच्या बोळात दोन्ही बाजूंनी टू-व्हीलर लागल्या की मधून एक माणूस जेमतेम जातो. मागे शेजारच्या आजींना दवाखान्यात न्यायचं होतं. अॅम्ब्युलन्स बोळाच्या तोंडाशीच थांबली आणि त्यांना खुर्चीवर बसवून उचलून न्यावं लागलं. आगीचा बंब तर आत येऊच शकत नाही. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत आग लागली, आठ जीव गेले. ती तर मोठ्या रस्त्यांची वसाहत होती. आमच्याकडं कापडाच्या गोदामांना लागून घरं आहेत. पार्किंगची चर्चा झाली की सगळे कारबद्दल बोलतात, पण बोळ अडवतात त्या टू-व्हीलर. त्यांच्यासाठी वेगळी जागा काढा.

आणि पेठकर दादा, घरांच्या बाजूची मीपण आहे. पण पाण्याचं आधी सांगा. उजनी धरणाचं पाणी आपल्याला काही दिवसांआड मिळतं. आत्ताच वाड्यात पाण्याच्या दिवशी पहाटे उठून पिंपं भरतो. त्यावर नवी इमारत आली, तिनं मोटार लावून खेचलं, तर खालच्या घरांना काय उरणार?

पेठकर

ताई, पाण्याचा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि मी तो मूळ धाग्यात घ्यायला हवा होता असं मला वाटतंय. बांधकाम परवानगी देताना साठवण टाकी, पावसाचं पाणी जिरवणं आणि ड्रेनेज लाईनची क्षमता हे बघितलं जावं ही मागणी आपण नक्की घालू.

बस्तेवाले, गेट लागण्याची भीती मलाही आहे. म्हणूनच 'नोंदणीकृत हमी' हा शब्द वापरला. पण ती कशी घ्यायची याचं तंत्र मला माहीत नाही. नगररचनेतलं कुणी जाणकार असेल तर सांगा.

आराखडा

नगररचनेच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण या प्रकरणात दोन अगदी वेगळे मार्ग आहेत आणि पेठेत लोक ते एकमेकांत मिसळून बोलायलेत.

पहिला मार्ग म्हणजे आरक्षण काढून टाकणं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ नुसार विकास आराखड्यात फेरबदल करता येतो. त्यासाठी महापालिकेला जाहीर नोटीस काढावी लागते, नागरिकांना हरकती-सूचना द्यायला एक महिना मिळतो, सुनावणी होते आणि शेवटी शासनाची मंजुरी लागते. हा मार्ग असेल तर तुम्हाला बोलायची कायदेशीर जागा आहे.

दुसरा मार्ग म्हणजे समावेशक आरक्षण. यात आरक्षण उठत नाही. मालक स्वतः ती सुविधा बांधतो, ठरलेला भाग महापालिकेला विनामोबदला देतो आणि त्या बदल्यात उरलेला बांधकाम हक्क स्वतःच्या इमारतीसाठी वापरतो. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यात याची तरतूद आहे. खाली वाहनतळ आणि वर फ्लॅट असा प्रस्ताव असेल तर तो बहुधा याच मार्गाने आलेला आहे. आणि इथंच ग्यानबाची मेख आहे. या मार्गात कलम ३७ ची नोटीस निघत नाही, हरकतींचा महिना मिळत नाही. प्रस्ताव आयुक्तांच्या पातळीवर मंजूर होऊ शकतो. म्हणून 'नोटीस येईल तेव्हा बघू' म्हणून बसलात तर नोटीस कधी येणारच नाही.

आता बस्तेवाले म्हणतात तसं सगळ्या जागेवर वाहनतळ का होत नाही तेही सांगतो. आरक्षण टाकलं म्हणजे जागा महापालिकेची होत नाही, ती संपादित करावी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारभाव आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट पैसे मोजावे लागतात. नवी पेठेतल्या भावाची दुप्पट. जुना पुणे नाका आणि जुना बोरामणी नाका या दोन उड्डाणपुलांचं भूसंपादन किती वर्षं चर्चेत आहे ते सोलापूरकराला सांगायला नको. बाजारातल्या एका वाहनतळासाठी तो पैसा कुठून निघणार? टीडीआर, म्हणजे दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क, देऊन जागा घेता येते, पण मालकाने तो घेतला पाहिजे, सक्ती नाही.

आणि मालकाच्या हातात कलम १२७ आहे. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर तो महापालिकेला खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं. एकदा ते गेलं की जागा मोकळी. मग मालक तिथं वाहनतळ न देता पूर्ण इमारत बांधेल आणि त्याला कुणीही अडवू शकणार नाही. 'फ्लॅट नकोतच' म्हणून ताणत बसणाऱ्यांनी हा धोका लक्षात घ्यावा. सगळं मागताना हातातलंही जायचं.

गेट लागू नये म्हणून काय करायचं? हस्तांतरण करारात वाहनतळाचा भाग मोजमापासकट वेगळा दाखवून घ्या. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) त्या भागाला महापालिकेचं नाव लागलं पाहिजे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) वरच्या फ्लॅटना द्यायच्या आधी वाहनतळाचा ताबा महापालिकेला मिळाला पाहिजे, नंतर नाही. फ्लॅट घेणाऱ्यांच्या करारनाम्यात आणि महारेराच्या संकेतस्थळावरच्या माहितीत 'हा भाग सोसायटीचा नाही' असं स्पष्ट यायला हवं. आणि पुढे सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण होताना हा भाग त्यातून वगळला पाहिजे. बहुतेक ठिकाणी घोळ याच शेवटच्या टप्प्यावर होतो, कारण तोवर दहा वर्षं उलटलेली असतात आणि मूळ अटी कुणाच्या लक्षात नसतात.

फ्लॅटधारकांचं पार्किंग वेगळं. ते बिल्डरनं नियमाप्रमाणे, फ्लॅटच्या आकारानुसार, त्याच प्लॉटवर द्यायलाच हवं. ते सार्वजनिक वाहनतळात मोजलेलं चालणार नाही. नकाशात हे दोन आकडे वेगळे आहेत का ते आधी तपासा. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय, तरी विकायचा प्रयत्न होतो. मग ज्याला जागा मिळाली नाही तो फ्लॅटधारक गाडी खालच्या सार्वजनिक जागेतच लावणार.

बस्तेवाले

साहेब, एवढं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कलम १२७ ची गोष्ट आमच्या बैठकीत कुणी काढलीच नाही. नोटीस निघणार नाही हेही नवीनच कळलं.

तरी एक विचारतो. महापालिकेच्या ताब्यात आलं म्हणजे झालं का? ठेका दिला, ठेकेदारानं मनाला येईल ते पैसे घेतले, आत मासिक पासवाल्यांच्याच गाड्या भरल्या, तर माझं इंडीचं गिऱ्हाईक परत रस्त्यावरच.

जुळे_सोलापूर

पैशांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. गाडी घेताना रोड टॅक्स भरला, घरपट्टी भरतो, पेट्रोलवर कर भरतो. आता बाजारात जाऊन गाडी उभी करायचे पण पैसे? सामान्य माणसानं किती ठिकाणी पावती फाडायची? फुकट पार्किंग द्या, नाहीतर मी सरळ जुळे सोलापुरातच खरेदी करतो. आता इथं सगळं मिळतं.

पुण्यातला_सोलापूरकर

जुळे सोलापूरवाले, तुमचा राग समजतो, पण फुकटच्या पार्किंगचं काय होतं ते मी पुण्यात बघतोय. मंडईजवळ मिनर्व्हा आणि आर्यन असे दोन मोठे वाहनतळ आहेत. तरी आजूबाजूच्या रस्त्यांवर गाड्या कडेला लागलेल्याच असतात. कारण साधं आहे, वाहनतळात पैसे द्यावे लागतात आणि रस्त्यावर फुकट लागते. जोवर रस्ता फुकट आहे तोवर इमारत कितीही मजली बांधा, माणूस आधी रस्त्यावरच जागा शोधणार. पुणे महापालिकेनं मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, मोजक्या रस्त्यांवर पैसे घ्यायचं ठरलं, आणि विरोधामुळे ते तसंच पडून राहिलं. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात सरळ म्हटलंय की पार्किंगचं शुल्क त्या जागेच्या जमिनीच्या किमतीला धरून असावं. कागदावर सगळं आहे.

सोलापूरला माझं कळकळीचं सांगणं आहे की पुण्यासारखं आधी बांधून मग विचार करू नका. रस्त्यावरचा दर वाहनतळापेक्षा जास्त ठेवा. पहिला अर्धा तास फुकट ठेवा, म्हणजे औषध घ्यायला आलेल्याला भुर्दंड नाही. दिवसभर लावणाऱ्याला महाग पडलं पाहिजे.

कुंभारीहून

मी ही चर्चा पहिल्यापासून वाचतेय. लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहितेच.

मी कुंभारीतल्या रे नगर या कामगार वसाहतीत राहते. आधी भाड्याच्या एका खोलीत सहाजण होतो. तीस हजार घरांची वसाहत, त्यातली पहिली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला दिली, त्यात आम्हाला मिळालं. त्याच्याआधी २००६ ला कुंभारीतच गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगारांना घरं मिळाली होती. स्वतःचं दार, स्वतःचा नळ, याचा आनंद काय असतो तो मला विचारा. लाल बावट्यावाल्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले तेव्हा हे झालं.

पण काम शहरात आहे. मी शिलाईच्या कारखान्यात जाते, जाऊबाई पेठेत साड्यांच्या दुकानात उभ्या असतात. दुकान बंद होईस्तोवर रात्र होते. सिटी बस वेळेवर मिळत नाही. सहा आसनी रिक्षात दाटीवाटीनं बसून यायचं. शेवटी दिरानं कर्ज काढून टू-व्हीलर घेतली. तीच टू-व्हीलर आता दिवसभर पेठेत उभी असते. बस्तेवाले मालक, नोकरांच्या गाड्या म्हणून जे वर लिहिलंय ना, त्या गाड्या आम्ही हौसेनं आणत नाही. बस असती तर आणल्याच नसत्या.

आणि पेठकर दादा, तुम्ही म्हणता पेठेत घरं व्हावीत. ती कुणाची? ३० चौरस मीटरचं उदाहरण तुम्ही आमच्या घराचं दिलंत, पण त्या इमारतीत आमच्यासारख्याला परवडेल असं एकतरी घर असणार आहे का? नसेल तर आमच्या घराचा हिशेब सांगून दुसऱ्याचे फ्लॅट का मागता?

पेठकर

ताई, तुमचा प्रश्न टाळणार नाही. मी ३० चौरस मीटरचा आकडा जमिनीची किंमत कळावी म्हणून दिला. पण तो आकडा मांडायचा आणि तशी घरं मागायची नाहीत, हे बरोबर नाही. आपण ती मागितली पाहिजेत. दुकानात उभ्या राहणाऱ्या बाईला चालत घरी जाता आलं, तर एक गाडी कमी होते आणि तिचा रोजचा तासभर वाचतो. या धाग्यात मी जे म्हणतोय त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्या जाऊबाईच आहेत.

आराखडा साहेब, नियमात लहान घरांची काही सक्ती आहे का?

आराखडा

आहे, पण इथं लागू पडत नाही. मोठ्या भूखंडांवर वीस टक्के लहान घरं ठेवायची सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे. ती दहा लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या महापालिकांना आणि ४,००० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडांना लागते. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. थोडक्यात हुकलं. आणि पेठेत एवढा मोठा भूखंड सापडणंही अवघड. सक्ती नसली तरी वाटाघाटीत मागणी करता येते, कारण मालकालाही मंजुरी लवकर हवी असते. पाच-सहा मोठे फ्लॅट कमी करून त्या जागी लहान घरं बसवणं नकाशात अवघड नाही. मुख्य म्हणजे लहान घरांना पार्किंगही कमी द्यावं लागतं, म्हणजे मालकाचा तळमजलाही वाचतो. हा मुद्दा त्याला त्याच्या फायद्याच्या भाषेत सांगा.

जुळे_सोलापूर

कुंभारीच्या ताईंचं वाचलं आणि माझं फुकट पार्किंगचं म्हणणं मागे घेतो असं नाही, पण बससाठी पैसे लावणार असाल तर पावती फाडायला मी तयार आहे. पार्किंगचे पैसे परिवहनलाच जातील असं लिहून द्या. इतर खड्ड्यात जाणार असतील तर माझा विरोध कायम.

बस्तेवाले

काल दुकान बंद करून मुद्दाम आमच्या गल्लीत पायी फिरलो. ताई बोलल्या ते मनाला लागलं. दुकानांसमोर ज्या टू-व्हीलर होत्या त्यातल्या बऱ्याच आमच्याच माणसांच्या होत्या, आणि शटर पडल्यावर अर्धी गल्ली मोकळी झाली. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळचं आठवलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी हिरेहब्बूंच्या वाड्यापासून सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला जातात, त्या दिवशी मार्गावरच्या गाड्या काढलेल्या असतात. तेव्हा कळतं आपले रस्ते वाटतात तेवढे अरुंद नाहीत. एवढे उंच नंदीध्वज त्याच रस्त्यांनी जातात.

मी आमच्या व्यापारी मित्रांपुढे एक गोष्ट ठेवणार आहे. नोकरांच्या आणि आमच्या गाड्या थोड्या लांब, पाच-सात मिनिटं चालत येता येईल अशा ठिकाणी लावायच्या, त्याचा मासिक पास आम्ही दुकानदारांनी भरायचा. पेठेतली जवळची जागा फक्त गिऱ्हाइकाला. होम मैदानाचं नाव काढू नका, ते गड्ड्याचं आहे आणि मोकळंच राहिलं पाहिजे. दुसरी जागा शोधू. रात्री उशिरा सुटणाऱ्या बायकांना एवढं चालायला लावायचं नाही, त्यांच्या गाड्या जवळच राहतील.

पण नव्या इमारतीला माझा होकार अजून पक्का नाही. तळघरांवर कारवाई नाही आणि वरून नवे फ्लॅट, असं झालं तर आमचंच मरण. आधी तळघरं मोकळी होताना दिसू द्या. माझ्या कॉम्प्लेक्सपासून सुरुवात झाली तरी चालेल.

शुक्रवार_पेठ

बस्तेवाले काका, शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. असं उघड कुणी लिहीत नाही.

वाड्यांचं एक राहिलं. पेठेत पडायला आलेले वाडे कितीतरी आहेत. भाडेकरूंसकट त्यांचा पुनर्विकास झाला तर घरं तिथंही वाढतील. बखळीवर जे ठरेल तेच उद्या वाड्यांना लावतील. म्हणून इथल्या अटी नीट लिहून घ्या, भाडेकरूंना बाहेर काढून गाड्यांना आत घेतलं असं व्हायला नको.

पेठकर

सगळ्यांचं वाचून निवेदनाचा मसुदा केलाय. आयुक्त आणि नगररचना विभाग, दोघांना द्यायचं आहे. मुख्य भाग इथं टाकतो, दुरुस्त्या सांगा.

'सदर जागेवरील वाहनतळाच्या आरक्षणाबाबत आलेला प्रस्ताव समावेशक आरक्षणाखालील असल्यास, कायद्याने नोटीस बंधनकारक नसली तरी त्याचा नकाशा नागरिकांना पाहण्यासाठी खुला करावा व मंजुरीपूर्वी परिसरातील रहिवासी, व्यापारी, कामगार व रिक्षाचालक यांची बैठक घ्यावी. सार्वजनिक वाहनतळ व फ्लॅटधारकांचे पार्किंग यांची संख्या स्वतंत्र दाखवावी. सार्वजनिक भागाचा ताबा व मिळकत पत्रिकेवरील नोंद झाल्याशिवाय वरील मजल्यांना भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. हा भाग भविष्यातील अभिहस्तांतरणातून वगळावा. वाहनतळात दुचाकींसाठी स्वतंत्र व पुरेशी जागा, प्रवेशद्वाराशी रिक्षाथांबा, आणि आगीच्या बंबासाठी कायम मोकळी मार्गिका असावी. मासिक पासांच्या संख्येवर मर्यादा असावी व तासाच्या दराने येणाऱ्या ग्राहकांसाठी जागा राखीव असावी. इमारतीत लहान घरांचा समावेश करावा. पाणीसाठवण व ड्रेनेजची क्षमता तपासून मगच परवानगी द्यावी. पार्किंग शुल्काचे उत्पन्न शहर बससेवेसाठी वापरावे. तसेच परिसरातील ज्या इमारतींच्या मंजूर नकाशात तळघर वाहनतळ म्हणून दाखवले आहे, तेथील अन्य वापर थांबवून ती ठरलेल्या मुदतीत मोकळी करावीत.'

आराखडा

मसुदा चांगला आहे. दोन दुरुस्त्या. 'असल्यास' वर थांबू नका, प्रस्ताव नेमका कोणत्या तरतुदीखाली आहे हे आधी माहितीच्या अधिकारात विचारा आणि त्या अर्जाची प्रत निवेदनाला जोडा. दुसरं, तळघरांचा मुद्दा शेवटी टाकलाय तो वर घ्या आणि इमारतनिहाय यादी द्या. मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं. आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

कुंभारीहून

'लहान घरांचा समावेश करावा' एवढंच नको दादा. ३० चौरस मीटरपर्यंतची असं लिहा, आकडा टाका. आणि बैठक संध्याकाळी सात नंतर किंवा आमच्या सुट्टीच्या दिवशी घ्या, नाहीतर कामगार लिहून उपयोग काय, येणार तुम्हीच.

पेठकर

सांगितलेले बदल केले. तळघरांचा मुद्दा वर घेतला, घरांचा आकडा टाकला, बैठकीची वेळ सात नंतरची लिहिली. माहिती अधिकाराचा अर्ज मी माझ्या नावानं देतो.

बस्तेवाले

तळघरांची यादी करायला मी येतो. आमच्या कॉम्प्लेक्सचा मंजूर नकाशा माझ्याकडं आहे, त्याची झेरॉक्स जोडा. त्या मुद्द्याखाली सही माझी पहिली घ्या, फ्लॅटच्या मुद्द्याचं बैठकीत नकाशा बघून सांगतो.

स्टेशन_रिक्षा

स्टँडचा मुद्दा घातला, आभारी हाय. बैठकीला आम्ही चौघं येतो. कुंभारीच्या ताईंना आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांना परत जायला उशीर झाला तर सोडायची जबाबदारी आमची.